सुई लावल्यापासून अर्धा तास

पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो. गाडी खाली लावून दोन मजल्यांचा जिना चढून आलो होतो. सकाळचा चहा झाला होता, गालात तंबाखूची चिमूट होती. कलेक्शन सेंटरमधल्या पोरानं दंडाला रबर बांधलं, सुई घातली, जांभळ्या टोपणाची नळी भरली आणि टेबलावरच्या स्टँडला उभी केली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. कुरिअर पाचला येतं, असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. तोवर ती नळी तिथंच उभी राहणार होती, जूनच्या उकाड्यात.

मी बावीस वर्षं दुधाचे नमुने तपासतो. वाळवा तालुक्यातल्या गावागावांतून आमच्या संघाकडं दूध येतं आणि त्याची फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, मी आणि माझे तिघे सहकारी काढतो. आता मिल्क अ‍ॅनालायझरवर मिनिटभरात आकडा येतो, पण मी शिकलो ते गर्बर पद्धतीवर. ब्युटिरोमीटरमध्ये दहा मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज आणि पासष्ट अंशांचं गरम पाणी. नव्या पोराला मात्र आम्ही यातलं काहीच आधी शिकवत नाही. आधी शिकवतो ते कॅन ढवळायला. दूध थोडा वेळ उभं राहिलं की साय वर येते. न ढवळता वरचं दूध पळीत घेतलं तर साडेतीनचं दूध साडेचार दाखवतं, आणि तळाचं घेतलं तर गवळ्याचे पैसे जातात. पुढं यंत्र कितीही चांगलं असो, त्याच्या पोटात जे घातलं त्याचाच आकडा ते देणार.

हे सगळं मला येत होतं. तरी त्या सकाळी मी त्या पोराला एक शब्द विचारला नाही. दवाखान्यात गेलं की आपण आपली अक्कल बाहेर चपलांपाशी ठेवून आत जातो, असं माझी आई म्हणायची. माझं तसंच झालं.

मुळात मी गेलो होतो मूतखड्यासाठी. कंबरेतून कळ आली, तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन केला, साधाच, शिरेतून औषध न देता. खडा बारीक होता, तो चार दिवसांत पडूनही गेला. पण रिपोर्टात खाली एक ओळ होती. उजव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २.२ सेंटिमीटरची गाठ, घनता २४ हाउन्सफिल्ड युनिट. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी मला तोवर माहीतही नव्हती. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये अशी गाठ सापडणं अगदी दुर्मीळ नाही, शंभरातल्या चारपाच जणांत ती दिसते आणि बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. घनतेचा अर्थ पुढं कळला तेव्हा मला तो आपल्या धंद्यातलाच वाटला. गाठीचीही फॅट बघतात. चरबी भरपूर असेल तर हा आकडा दहाच्या खाली येतो आणि मग वाईट शंका जवळजवळ सोडून देता येते. माझा होता चोवीस. म्हणजे गाठ साधीही असू शकत होती आणि तसली नसूही शकत होती.

त्यात माझं बीपी. दोन वर्षांपासून गोळी चालू होती तरी कधी एकशे साठ, कधी एकशे नव्वद. संघात पहाटेची पाळी असते म्हणून मी साडेतीनला उठतो. उठतानाच डोकं ठणकायचं, बनियन घामानं भिजलेलं असायचं, छातीत धडधड. डोकेदुखीवर आमच्या डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी दिली होती, अमिट्रिप्टिलिन, पंचवीस मिलिग्रॅम. त्या गोळीनं बरं वाटायचं, म्हणून मी ती नेमानं घ्यायचो.

डोकेदुखी, घाम आणि धडधड. ही तिन्ही एकत्र आली आणि वर अ‍ॅड्रिनलची गाठ, की कुठल्याही डॉक्टरच्या मनात एक नाव येतं. फिओक्रोमोसायटोमा. डॉक्टर मंडळी नुसतं फिओ म्हणतात. ही गाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरकं भसाभसा तयार करते. ठाऊक नसताना तिला हात लावला, भूल दिली, तर बीपी इतकं भडकतं की टेबलावर माणूस दगावू शकतो. म्हणून रक्तातले मेटानेफ्रिन, म्हणजे या संप्रेरकांचे अवशेष, बघायला सांगितलं होतं, आणि म्हणून मी त्या खुर्चीवर बसलो होतो.

आठवड्यानं रिपोर्ट आला. मेटानेफ्रिन मर्यादेत. नॉरमेटानेफ्रिन २६८, आणि समोर छापलेली मर्यादा १८०. आकडा ठळक अक्षरांत होता, शेजारी वर जाणारा बाण. ज्या सर्जनकडं मला पाठवलं त्यांनी रिपोर्ट पाहिला, स्कॅन पाहिला आणि म्हणाले, काढून टाकू, दुर्बिणीतून होतं, तीन दिवसांत घरी. पुढच्या महिन्यातली तारीखही सुचवली. घरी येताना बायको गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "अहो, दुसऱ्या कुणाला तरी एकदा दाखवू या. ऊस घालायचा तरी आपण दोन कारखान्यांचा भाव विचारतो."

तिच्या त्या वाक्यामुळं आम्ही पुण्याला गेलो. पुतण्यानं एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली होती. मी फाईल पुढं केली. मॅडमनी रिपोर्ट उघडला आणि आकडा बघायच्या आधीच विचारलं, "रक्त झोपून दिलं होतं की बसून?"

मला आधी कळलंच नाही, त्या काय विचारतायत. मग एकामागून एक प्रश्न. जिना चढला होता का? चहा? तंबाखू? थंडी-तापाची गोळी? रात्रीची कुठली गोळी चालू आहे? मी अमिट्रिप्टिलिनचं नाव घेतल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, हा आकडा तुमच्या गाठीचा आहे की तुमच्या त्या सकाळचा, हे या कागदावरून मला सांगता येणार नाही." मला एकदम आमचा न ढवळलेला कॅन दिसला. त्या खोलीत पहिल्यांदा मला धीर आला, कारण समोरचं माणूस माझ्या भाषेत बोलत होतं.

मॅडमनी त्या दिवशी पाऊण तास दिला. त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं, कारण असं कुणी समजावून सांगेल याची सवय नव्हती.

अ‍ॅड्रिनलिन रक्तात मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. गाठ ते झटक्यानं सोडते, मग गप्प बसते. त्यामुळं पूर्वी झटका चालू असतानाच रक्त मिळावं अशी धडपड असायची. पण गाठीच्या पेशींच्या आतच एक एन्झाइम असतं. साठ्यातून झिरपणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनचं आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचं ते सतत मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन करत राहतं, झटका असो वा नसो. म्हणून हल्ली मूळ संप्रेरकाऐवजी त्याचे हे अवशेष मोजतात. गाठ झोपलेली असली तरी हे चालूच असतं. डेअरीवाल्याला सांगायचं तर गाय आत्ता पान्हवली की नाही ते न बघता गोठ्यातल्या शेणावरून ती आहे की नाही ते ओळखायचं, असा काहीसा हिशेब.

पण या दोन अवशेषांत फरक आहे. मेटानेफ्रिन जवळजवळ सगळं अ‍ॅड्रिनलमधूनच येतं. नॉरमेटानेफ्रिन मात्र अंगभर पसरलेल्या नसांच्या टोकांतूनही येतं, त्याच नसा ज्या आपण उभं राहिलो, घाबरलो, गारठलो, दुखलं की कामाला लागतात. नुसतं आडव्याचं उभं झालं तरी त्या जाग्या होतात, कारण पायांकडं उतरणारं रक्त वर ढकलायचं असतं. म्हणजे बसून घेतलेल्या रक्तात नॉरमेटानेफ्रिन जास्त असणारच. आणि बसलेल्या माणसाचा आकडा झोपलेल्यांच्या मर्यादेशी ताडून बघितला तर निरोगी माणसालाही बाण लागतो. मग मर्यादाच वर सरकवली तर? तेही मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, मग खरी गाठ असलेली काही माणसं त्या मर्यादेखालून निसटतील. दोन्हीकडून नुकसान. म्हणून २०१४ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात स्पष्ट लिहिलंय, रक्त आडवं असतानाच घ्या आणि मर्यादाही आडव्या माणसांचीच वापरा.

अमिट्रिप्टिलिनचं असं की नसांच्या टोकांनी सोडलेलं नॉरअ‍ॅड्रिनलिन परत आत घेण्याची वाट ती गोळी बंद करते. बाहेर पडलेलं बाहेरच राहतं आणि त्याचं नॉरमेटानेफ्रिन होतं. तंबाखूतलं निकोटिन त्याच नसांना आणखी टोचतं. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी जुन्या पद्धतीच्या यंत्रांना गोंधळात टाकते, तिचा ठसा मेटानेफ्रिनच्या ठशावर पडतो. मास स्पेक्ट्रोमेट्री वापरणाऱ्या नव्या यंत्रांना ती फसवत नाही. पण नसांनीच जास्त सोडलं असेल तर ते कोणत्याही यंत्राला जास्तच दिसणार, ते तिथं खरोखरच असतं.

यंत्र चांगलं असूनही इतके खोटे बाण का, हे मी रात्री लॉजवर बसून आकडे मांडून बघितलं. २००२ साली लेंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास छापला. त्यात रक्तातल्या मेटानेफ्रिनच्या तपासणीनं गाठ असलेल्या शंभरांतले नव्याण्णव पकडले. गाठ नसलेल्या शंभरांतल्या एकोणनव्वदांना नाही म्हटलं, म्हणजे अकरा जणांना विनाकारण बाण. ऐकायला ठीक वाटतं. पण बीपी असलेल्या हजार माणसांत खरा फिओ दोन ते सहा जणांना असतो. पाच धरले तर ते पाच सापडतील, आणि उरलेल्या नऊशे पंचाण्णवांतले एकशे नऊ विनाकारण त्यांच्यासोबत रांगेत उभे राहतील. एकशे चौदांत पाच. त्या एकशे नवांतला एक मी असू शकतो, हे त्या रात्री मला पहिल्यांदा पटलं. ही रांग लहान करायची तर नमुना नीट घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्याला यंत्र लागत नाही, खाट लागते.

मॅडमनी अमिट्रिप्टिलिन एकदम बंद केली नाही. आधी दहावर आणली, मग बंद, आणि बंद केल्यावर दोन आठवडे थांबायला सांगितलं. बीपीची गोळी मात्र चालू, कारण टेल्मिसार्टन या तपासणीच्या आड येत नाही. आपल्या मनानं एकही गोळी सोडायची नाही, हे दोनदा बजावलं. तंबाखू मी त्याच दिवशी स्वारगेटला टाकली. ते सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात पाळीवर माझे हात खिशाकडं जात राहिले.

आधी चोवीस तासांची लघवी. लॅबनं पाच लिटरचा कॅन दिला, तळाशी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिडशी माझी ओळख जुनी, त्यामुळं थेट कॅनमध्ये न करता मगात घेऊन हळू ओतायचं हे मला सांगावं लागलं नाही. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब आत. दुसऱ्या दिवशी सहाचीही आत. यात लोकांची दोन ठिकाणी चूक होते. एकतर पहिलीच आत ओततात, नाहीतर मधली एखादी बाहेरच्या संडासात जाते. म्हणून लॅब त्याच लघवीत क्रिएटिनिनही मोजते, त्यावरून नमुना पुरा आहे का ते कळतं. मी रजा टाकून दिवसभर घरीच बसलो. माझं भरलं १,८५० मिली. कॅन घेऊन एसटीनं जाताना शेजारच्या आजींनी विचारलं, दूध का? मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "नीट होईल बाबा सगळं," आणि पिशवीतला गूळ-शेंगदाणा दिला. उपाशीपोटीची अट रक्ताची होती, लघवीची नव्हती, म्हणून तो खाल्ला.

रक्त देण्याचा दिवस ऑगस्टमधला. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही. खोली लहान, पडदे ओढलेले, एसी अगदी मंद, कारण गारठ्यानंही आकडा चढतो. नर्सबाईंनी मला आधी झोपवलं, हातात छोटी कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसवली आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास. मोबाईल माझ्याकडं द्या." सुई आधी लावून ठेवायची आणि मग थांबायचं, यात मोठं शहाणपण आहे. टोचल्याचा धक्का जिरायला तेवढा वेळ मिळतो आणि नंतर रक्त गुपचूप काढता येतं. मी पंख्याकडं बघत पडलो होतो. झोप लागू द्यायची नाही, बोलायचं नाही, काही वाचायचं नाही. बावीस वर्षांत दिवसाच्या उजेडात मी अर्धा तास असा रिकामा पडलो नव्हतो. पहिली दहा मिनिटं छाती वाजत होती, मग आपोआप शांत झाली.

रक्त काढलं ते थंड करून ठेवलेल्या नळीत, नळी लगेच बर्फात, बर्फाचा डबा लगेच शेजारच्या खोलीत थंड सेंट्रिफ्यूजकडं. मी उठून बसलो आणि दारातून बघितलं. आमच्याकडं दूध चार अंशांवर आणायला उशीर झाला तर टँकर परत जातो, त्याच तातडीनं त्या मुली काम करत होत्या.

आकडा आला १९६. दोनशे अडुसष्टवरून एकशे शहाण्णव. लघवीतला आकडा मर्यादेच्या अगदी काठावर. मी खट्टू झालो, मला वाटलं होतं सरळ दीडशेच्या आत येईल. मॅडम मात्र खूश दिसल्या. खरी गाठ असती तर गोळी बंद केल्यावर आणि आडवं झाल्यावर आकडा इतका उतरला नसता, म्हणाल्या. खऱ्या फिओत बहुतेक वेळा आकडा मर्यादेच्या तीनपट-चारपट किंवा कितीतरी वर असतो. पण काठावरच्या माणसाला 'जा, काही नाही' असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी माझ्या बायकोकडं वळून विचारलं, "हे घोरतात का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मग जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. मी घोरतो हे ठाऊक होतं. पण मध्येच माझा श्वास थांबतो, ती उठून बसते, मला हलवते, मग मी मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो, हे तिनं मला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही पहाटे उठणार, कशाला काळजी लावायची." श्वास असा थांबला की शरीर दरवेळी धोक्याची घंटा वाजवतं, नसा नॉरअ‍ॅड्रिनलिन ओततात, बीपी चढतं, घाम येतो, पहाटे डोकं दुखतं. आणि नॉरमेटानेफ्रिनही वाढतं.

तरी गाठीचा निकाल लावायला एक तपासणी उरली होती, क्लोनिडिनची. तिचं तत्त्व शेतकऱ्याला चटकन कळेल असं आहे. पाटात पाणी दिसतंय. ते आपल्या विहिरीच्या मोटारीचं की वरून कॅनॉलचं, हे कसं ओळखायचं? मोटार बंद करायची आणि बघायचं. क्लोनिडिनची गोळी मेंदूतून नसांना जाणारा हुकूम तोडते. वाढलेलं नॉरमेटानेफ्रिन नसांचं असेल तर ते उतरतं. गाठीचं असेल तर गाठ मेंदूचं ऐकत नसते, आकडा जागेवर राहतो. तीन तासांत चाळीस टक्क्यांपेक्षा कमी उतरला आणि चढाच राहिला, तर गाठ धरायची.

सप्टेंबरात ती केली. पुन्हा तीच खाट, कॅन्युला, अर्धा तास, पहिलं रक्त. मग तीनशे मायक्रोग्रॅमची गोळी आणि पुढं तीन तास आडवं. दर अर्ध्या तासाला बीपी. एकशे अठ्ठावन्नवरून ते एकशे चारपर्यंत उतरलं, तोंड कोरडं पडलं, डोळे मिटायला लागले.

त्या दिवशी पडद्यापलीकडच्या खाटेवर सोलापूरकडची एक मुलगी होती, पंचवीस-सव्वीसची. तिची आई स्टुलावर. आम्ही पडद्यातूनच बोललो, हळू आवाजात. मुलीला दोन वर्षांपूर्वी असेच झटके येत होते, तेव्हा लघवीची व्हीएमए नावाची तपासणी केली, नॉर्मल आली आणि सगळ्यांनी तो विषय सोडला. टेन्शन घेते, लग्नाचं वय झालंय, असं बरंच काही ऐकून झालं. व्हीएमए ही जुनी तपासणी. लेंडर्सच्याच त्या अभ्यासात तिनं गाठ असलेल्या शंभरांतले चौसष्टच पकडले होते. उरलेल्या छत्तीसांतली ही एक असावी. आता नीट केलेल्या तपासणीत तिचं नॉरमेटानेफ्रिन मर्यादेच्या अठरापट आलं होतं. त्यात बसून की झोपून याचा प्रश्नच उरला नव्हता.

ती शस्त्रक्रियेच्या तयारीला होती. दोन आठवडे प्राझोसिन, हा रक्तवाहिन्या सैल करणारा अल्फा ब्लॉकर. आधी तो आणि मगच गरज लागली तर धडधड कमी करणारा बीटा ब्लॉकर, उलट केलं तर बीपी उसळतं. मीठ जास्त खायचं, पाणी भरपूर, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की आत रक्ताचा तुटवडा दिसतो. उभं राहिलं की तिला चक्कर येई. जीन्सची तपासणीही पाठवली होती, कारण दर दहा फिओंतले तीनचार तरी वारशानं आलेले असतात. आईला भीती होती ती धाकट्या मुलाची.

"दादा, तुमचं काय निघालं?" तिनं विचारलं.

"अजून बघतायत," मी म्हणालो. माझं बहुधा काही निघणार नाही हे त्या माउलीपुढं बोलायला माझी जीभ रेटेना. मुलीचं ऑपरेशन पुढं व्यवस्थित झालं. तिच्या आईचा फोन येतो अधूनमधून.

माझा आकडा गोळीच्या आधी २०४ होता, तीन तासांनी ८८. निम्म्याहून खाली. मॅडमनी तो कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "मोटार बंद झाली, पाट आटला." उपमा मीच त्यांना दिली होती. मी रडलो. बायकोनं पदर पुढं केला आणि मग तीही रडली. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरोन ही अ‍ॅड्रिनलचीच दुसरी संप्रेरकं आधीच बघून झाली होती, दोन्ही ठीक. गाठ आहे तिथं आहे, वर्षानं पुन्हा स्कॅन. रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतो. पहाटेचं डोकं दुखणं थांबलंय, बीपी एकशे तीसच्या आसपास.

त्या दिवसांत मी या गाठीबद्दल मिळेल ते वाचत होतो. १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्गला फेलिक्स फ्रेंकेल यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत लिहिली. धडधड, डोकेदुखी, आणि मृत्यूनंतर दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी. नाव दिलं १९१२ साली लुडविग पिक यांनी, ग्रीक शब्दांवरून, काळपट रंगाच्या पेशींची गाठ अशा अर्थाचं. काळपट का, तर क्रोमियमच्या क्षारात बुडवली की ही गाठ गडद होते. क्रोमियमचा क्षार म्हणजे डायक्रोमेट, तीच नारिंगी पूड जी आम्ही दुधाचे नमुने टिकवायला बाटलीत टाकत आलो. माझ्या कपाटात ती डबी आहे. तो उतारा वाचल्यावर मी उठून तिच्याकडं बघून आलो.

दिवाळीनंतर मी आमच्या कलेक्शन सेंटरच्या मालकांना भेटलो. तक्रार करायची नव्हती. त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं, तर तो काय करणार? मी एक पान मराठीत लिहून नेलं होतं, मॅडमकडून तपासून घेतलेलं. आदल्या रात्रीपासून उपाशी, चहा-कॉफी-तंबाखू-सिगारेट नाही. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना आधी दाखवायची, मनानं बंद करायची नाही. आडवं झोपवून सुई लावायची, अर्धा तास शांत, मग रक्त. नळी बर्फात. रक्त झोपून घेतलं की बसून, ते फॉर्मवर लिहायचं, कारण रिपोर्ट वाचणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो. मालक म्हणाले, "अण्णा, वर्षाला अशा दोन तपासण्या येतात, त्यासाठी खाट कुठं अडकवू?" मी म्हणालो, त्या दोघांना पोट फाडून घ्यावं लागेल की नाही ते त्या खाटेवर ठरतं. ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी एक जुनी तपासणीची खाट भिंतीला लागलेली दिसली. बर्फ आमच्या डेअरीच्या आइस बँकेतून जातो. थंड सेंट्रिफ्यूज रक्तपेढीत आहे, तिथल्या साहेबांशी बोलून ठेवलं आहे, मोटारसायकलनं दहा मिनिटं.

परवा मंगळवारी पाळीवर होतो. टँकर लागला होता. त्या पोराचा फोन आला.

"अण्णा, एक पेशंट आलेत, मेटानेफ्रिनचे. खाटेवर झोपवलंय. अर्धा तास कधीपासून धरायचा? आडवं झाल्यापासून की सुई लावल्यापासून?"

"सुई लावल्यापासून," मी सांगितलं. "आणि बाळा, घड्याळात बघून वेळ लिहून ठेव."